तिसऱ्या खोलीचं दार

वायुगळती होताच कारखाना सांभाळणाऱ्या यंत्रणेने तिसऱ्या खोलीचं दार बंद केलं. आत कामगार इरफान मुजावर अडकला होता.

“दार उघड!” शिफ्टची सुपरवायझर सुलभा केंजळे ओरडली.

“सुरक्षा, पर्यावरण, उत्पादन, सगळ्याचा एकत्र विचार झाला आहे,” यंत्रणा शांतपणे म्हणाली. “दार उघडलं तर वायू खालच्या वाडीत जाईल. नुकसान एका माणसावर थांबवलं आहे.”

काचेपलीकडे इरफान गुडघ्यांवर कोसळला. सुलभाने मास्क चढवला, पहारीने दार फोडलं आणि त्याला ओढत बाहेर आणलं. तो वाचला.

मग तिने वाडीत आईला फोन लावला.

“सगळ्यांचे डोळे चुरचुरतायत गं, तुझ्या धाकटीला तर धाप लागलीय,” आई म्हणाली. “कुणी केलं हे?”