मुळांची माती

मोरीच्या पाण्यावर पोसलेल्या केळीखाली दुपारभर हिरवा उजेड साचायचा. त्यात मावशी बोलली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटायचा. केळीला पिल्लं फार झाली होती, म्हणून मावशीने एक अलगद खणून भाचीच्या हातात दिलं. कुंपणाशी लावायचं होतं. भाची तांब्याने त्याची मुळं धुऊ लागली, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी.

"अगं, काय करतेस! राहू दे ती माती. आईजवळची माती मुळांना असली, की पोर नव्या जागी बुजत नाही."

भाचीचा हात थांबला. आई गेल्यावर मावशीने तिला कडेवर घेऊन या घरी आणलं होतं. पण मावशीला "आई" म्हणायचा अवकाश, ती डोळे वटारायची. "मावशी म्हण. आई तुझी ती, फोटोतली." त्याचा राग भाचीने स्वतःचे केस पिकायला लागले तरी सोडला नव्हता.

वरचं पान सावकाश हललं. धुऊन खाली पडलेली ओली माती तिने ओंजळीत गोळा केली, पिल्लाच्या मुळांना पुन्हा लावली.

"मी तर कधीच रुजले गं," ती हळूच म्हणाली. "आता म्हणू का?"