झुलू क्वेबेकचा रीडबॅक

चार वाजून वीस मिनिटांनी ते विमान पुन्हा पडद्यावर उगवलं आणि माणिकरावांनी दातओठ खाल्ले.

"आला पाहा लेकाचा," ते एकटेच बोलले. "बरोब्बर टायमावर."

जानेफळच्या घरातल्या पुढच्या खोलीत बसून माणिकराव रोज दोन तास नागपूरचं आकाश सांभाळत. खरं नव्हे, इंटरनेटवरचं. जगभरातले हौशी लोक संगणकावर विमानं उडवतात आणि तसेच दुसरे हौशी नियंत्रक होऊन त्यांना वाट दाखवतात. नियम मात्र अगदी खऱ्यासारखे. नियंत्रकाने सांगितलेले आकडे वैमानिकाने जसेच्या तसे परत सांगायचे, त्याला रीडबॅक म्हणायचं. त्यात चूक झाली तर ती पकडायची नियंत्रकाने. मेहकरच्या बसस्थानकावर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला हे काय अवघड! निवृत्तीनंतर पायलने, म्हणजे त्यांच्या लेकीने, हा नाद लावून दिला. सकाळ-दुपार शाळेची व्हॅन चालवायची, मग विमानं. गडी खूश होता.

पंधरा दिवसांपूर्वी कोणीतरी तक्रार केली, की या नियंत्रकाच्या हातून रीडबॅकमधल्या चुका निसटतात. तक्रार करणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. हा खेळ चालवणाऱ्यांकडून निरोप आला: रविवारी परीक्षा, नापास झालात तर खुर्ची सोडायची. माणिकरावांच्या ते फार जिव्हारी लागलं. एकतीस वर्षांत त्यांनी एक गाडी चुकीच्या फलाटावर लागू दिली नव्हती.

आणि या सोमवारपासून हे झुलू क्वेबेक, म्हणजे ज्याच्या नावाच्या शेवटी झेड-क्यू होतं ते विमान, यायला लागलं. त्याचा वैमानिक माइकवर बोलत नसे, सगळं टाइप करून कळवायचा. न बोलणाऱ्या माणसावर माणिकरावांचा आधीच भरवसा नव्हता. त्यात हा ठरवून चुका करत होता. यायचा तरी केव्हा? व्हॅन रिकामी करून माणिकराव घरी टेकले, बुलढाण्याहून पायलचा "पोचले का बाबा?" असा रोजचा फोन झाला, की दहा मिनिटांत हजर! म्हणजे व्हॅन केव्हा परतते ते याला ठाऊक होतं. म्हणजे हा गावातलाच.

म्हणजे शालिग्राम. दुसरा कोण असणार? तो एसटीत ड्रायव्हर असताना माणिकरावांनी त्याचा एकदा रिपोर्ट केला होता. आता त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि दुकानातून व्हॅन सरळ दिसायची.

तेवढ्यात शेजारच्या कौशल्याबाई खिडकीशी आल्या.

"भाऊ, काल आमच्या संजीवनीले शाळेपाशीच ठेवून आले तुमी. पोरगी रडू रडू बेजार झाली."

"गाडीत बसलीच नसन ते. मी डोके मोजतो न रोज."

"काल मोजले होते?"

"मोजले म्हणजे मोजले!"

कौशल्याबाई घराकडे वळल्या. या शालिग्रामच्या चुलत बहीण लागतात, हे माणिकरावांना नेमकं तेव्हाच आठवलं. सगळे मिळून आपल्याला खुळ्यात काढायला निघालेत, या विचाराने त्यांचं डोकं तापलं.

त्यांनी कानावर हेडफोन चढवला. आज झुलू क्वेबेकने सुरुवातीलाच विमानाच्या ओळखीचा चार आकडी कोड उलटा लिहिला. माणिकरावांनी तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला. मग आणखी चार-पाच सूचना झाल्या आणि विमान जवळ आलं. त्यांनी इंग्रजीत, एकेक आकडा सुटा करत सांगितलं:

"तीन हजार फुटांवर उतरा, डावीकडे दिशा दोन-चार-शून्य, वेग एकशे ऐंशी."

पडद्यावर अक्षरं उमटली: "चार हजार फूट, डावीकडे दिशा दोन-चार-शून्य, वेग एकशे साठ."

"एकशे साठ नाही! एकशे ऐंशी!" माणिकराव खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "परत सांगा!"

मग उत्तर आलं: "वेग एकशे ऐंशी. धन्यवाद."

"धन्यवाद म्हणे!" माणिकराव मांडीवर थाप मारून हसले. झुलू क्वेबेक मुकाट्याने उतरलं आणि पडद्यावरून गेलं.

पाच वाजता पायलचा पुन्हा फोन आला.

"काय म्हनते तुमचा शालिग्राम?"

"दोनदा पकडला आज त्याले!"

"दोनच चुका होत्या?"

"मंग! अजून असत्या तं माह्या हातून सुटल्या असत्या का?"

"संध्याकाळच्या गाडीनं येतो मी, बाबा."

"काऊन? परीक्षा तं परवा हाय."

"असंच. लय दिवस झाले."

शनिवारी शाळा सकाळची. पावणेसातला माणिकराव तयार झाले तर खुंटीवर व्हॅनची किल्ली नाही. बाहेर पोरं दप्तरं घेऊन उभी होती आणि संजीवनी सगळ्यांत पुढे होती.

"पायल, किल्ली पाह्यली का वं?"

न्हाणीत पाणी पडत होतं. तिला ऐकू गेलं नसावं.

टेबलावर तिच्या लॅपटॉपशेजारी एक वही उघडीच पालथी ठेवलेली होती, एका बाजूने जराशी उचललेली. त्यांनी ती उचलली तर खाली किल्ली. ते हसले आणि वही नीट ठेवायला म्हणून सुलटी केली. पानाच्या डोक्यावर नाव होतं: झुलू क्वेबेक.

त्यांना लेकीचा अभिमान वाटला. एका रात्रीत पोरीने शालिग्रामचा छडा लावला! चष्मा शोधून ते खालचं वाचू लागले. पायलच्या सुबक अक्षरात दोन रकाने आखले होते. पहिल्यावर लिहिलं होतं "मी केलेल्या चुका", दुसऱ्यावर "बाबांनी पकडल्या". खाली सोमवारपासूनचे आकडे होते, आणि शेवटची ओळ कालची.

शुक्रवार: नऊ. दोन.