हरतानाचा चेहरा

रेवती ओकेलो दुसरा गेम हरली, तसा टीव्हीवर तिचा चेहरा बदलत गेला. पडदा प्रेक्षकांच्या मनाप्रमाणे खेळाडूंचे चेहरे दाखवत असे. जिंकताना रेवती मराठी दिसे, हरताना केनियाची.

तिची आई सुलभा पुढे सरकून बसली. पडद्यावर लेकीच्या जागी सुलभाचा गेलेला केनियन नवरा कपाळावरचा घाम पुसत होता.

"आपली असती तर अशी हरली नसती," शेजारच्या कुंदाताई बोलून गेल्या आणि ओशाळल्या. "तसं नाही हो, वहिनी."

तिसऱ्या गेममध्ये रेवती सावरली. एकेका गुणासरशी तिच्या चेहऱ्यातले बापाचे ओठ, मग डोळे पुसट होत गेले.

"बघा, कशी तुमच्यावर गेलीय!" कुंदाताईंनी साखरेची वाटी हातात घेतली.

सुलभाने हात जोडले. एवढा शेवटचा गुण तिचा चुकू दे, ती मनात म्हणाली.