सगळ्या बोटी आत

'बाहेर शिल्लक: शून्य.' स्क्रीनवरची ओळ वाचून नम्रताने सुटकेचा श्वास टाकला. वादळाचा लाल इशारा, दुपारचे तीन, आणि मच्छीमार सोसायटीची एकूण एक बोट रत्नागिरीच्या बंदरात परत. तिने यादी कंट्रोल रूमला पाठवून दिली.

प्रोग्राम तिचाच, आणि तोरा त्याहून मोठा. गेलेल्या बोटींची नावं एका सेटमध्ये, म्हणजे संचात, आलेल्यांची दुसऱ्या सेटमध्ये, पहिल्यातून दुसरा वजा, झालं! प्रोग्रामिंगच्या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत सगळं तयार असतं, फक्त शोधायला नजर हवी, असं ती चेअरमनना ऐकवायची. पोरगी देवरुखकडची, डोंगरातली. समुद्र पाहिला तो ऑफिसच्या खिडकीतून. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय!

तेवढ्यात दारात प्रभावती आली. तिचा नवरा दत्ताराम एका बोटीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. छत्री उलटी झालेली, निम्मं लुगडं भिजलेलं.

"बाय, आमची भाग्यलक्ष्मी नाय आली अजून."

"आली की काकी. अकरा चाळीसला. हे बघा."

"ती सखारामची गो. आमची येगळी."

"एकाच नावाच्या दोन बोटी?"

जेटीवरून बोटींची नावं फोनवर कळवणारा भागोजी कोपऱ्यात चहा पीत होता. त्याला हसू आलं. "दोन? तीन हायत. देवीचं नाव, कोण सोडतोय? आमी रंगावरून वळखतो."

"मग नंबर का नाही सांगितलात मला?"

"नंबर कोण बोलतो हो? नावानंच बोलतात."

नम्रताने गेलेल्या बोटींचा सेट उघडला: भाग्यलक्ष्मी एकदाच. तेच नाव दुसऱ्यांदा दिलं की सेट ते निमूट टाकून देतो, राखतो एकच. कुरकुर नाही, सूचना नाही. तीन भाग्यलक्ष्मी गेल्या, एक आली, की सगळ्या आल्या! हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. जळलं ते शहाणपण!

तिने लायब्ररीचं पान उघडलं. यादीत थोडं पुढेच काउंटर होता, कुठलं नाव किती वेळा आलं ते मोजून ठेवणारा. सेट सापडल्यावर ती पुढे वाचायला गेलीच नव्हती. तिने दोन शब्द बदलले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

'बाहेर शिल्लक: पाच.' भाग्यलक्ष्मी दोन, जलदेवी दोन, सागरकन्या एक. भागोजीने कप खाली ठेवला.

नम्रताने कंट्रोल रूमला फोन लावला. पाच बोटी अजून बाहेर असल्याचं सांगितलं.

"मॅडम, शोधाला निघालेली बोट तुमची यादी बघूनच माघारी बोलावली. आता वारा उतरल्याशिवाय कोणाला सोडता येणार नाही."

"कधी उतरेल?"

"उद्या दुपार धरून चाला."

तिने फोन ठेवला. प्रभावती स्क्रीनपाशी वाकून एकेक अक्षर लावत होती. भाग्यलक्ष्मीवर बोट आलं आणि तिचा चेहरा उजळला.

"हीच गो आमची! घेतलंस ना यादीत? म्हंजे आता आणतील."

 प्रभावतीने पदर पिळला, छत्री सरळ केली.

"मग मी भात टाकते जाऊन. आठ माणसं हायत, भिजून येतील."