देवळासमोरचं वळण

"कुंदा, किल्ली का फिरवलीस?" मी ओरडले. बोट मी चालवत होते आणि तिने शेजारून हात घालून इंजिनच बंद केलं होतं.

"देऊळ आलं ना," ती म्हणाली आणि तिने काठाकडे बघून हात जोडले. खाडीच्या या वळणावर तिचा नवरा नेहमी इंजिन बंद करायचा. देवासमोरून आवाज करत जायचं नाही, हा त्याचा नेम. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. आज संध्याकाळी बोट विकत घेणारा माणूस जेटीवर येणार होता, म्हणून आम्ही तिघी मैत्रिणी शेवटची फेरी मारायला निघालो होतो.

इंजिन परत सुरू होईना. ओहोटीचं पाणी आम्हाला खडकांकडे ओढू लागलं. फिलोमिना मेरीमातेला हाका मारत होती, मी किल्लीला शिव्या घालत होते.

"सरक," कुंदा म्हणाली. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा तिने कडक होईपर्यंत दाबला आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

"तुला येतं हे?"

"तीस वर्षं शेजारी बसून काय नुसते हातच जोडत होते?"

त्यानंतर तिने मला सुकाणूला हात लावू दिला नाही. जेटी आली. तो माणूस रुमाल हलवत उभा होता.

कुंदाने त्यालाही हात जोडले. इंजिन मात्र बंद केलं नाही.