सहाशे भेटी

सुट्टीत मामाकडे पोचले, तर घरात युद्ध पेटलेलं. आजोबा महिनाभर हॉस्पिटलात आहेत, म्हणून मामाने त्यांच्या तब्येतीच्या बातम्या द्यायला चक्क वेबसाइट काढलीय. मामाचं सॉफ्टवेअर म्हणत होतं, साइटवर सहाशे भेटी झाल्या. मावशीचं म्हणत होतं, जेमतेम नव्वद.

"दादा, तुझं सॉफ्टवेअर थापा मारतं."

"आणि तुझ्याला मोजता येत नाही."

शेवटी मीच समजावलं. मामाचं सॉफ्टवेअर पान उघडलं की एक भेट धरतं, मग तोच माणूस दहादा का येईना. मावशीचं माणसं मोजतं, एकाला एकदाच.

"म्हणजे भेटी माझ्याच जास्त," मामाने कॉलर ताठ केली, आणि दोघांची पुन्हा जुंपली. शी, आजोबांचा ताप किती आहे, हे कुणाच्याच तोंडी नाही. मला इतका वीट आला की बॅगही न उघडता मी थेट हॉस्पिटल गाठलं.


आजोबांची उशी नीट करता करता सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, यांच्याकडे घरचं कुणी येतं होय?"