शेजारच्या खोलीतला उत्तरदाता

"प्रश्न पहिला. आपलं नाव?"

"बाबा, तुमीच ठेवलं आहे," रोहित म्हणाला.

मनोहररावांनी चष्म्यावरून पाहिलं. मुलाखतीत घरगुतीपणा शिरला की माहिती दूषित होते, असं त्यांनी एकाहून अधिक ग्रंथांत वाचलं होतं. त्यांनी नाव लिहून घेतलं.

रविवारची सकाळ होती. मे महिन्यातलं ऊन आताच खिडकीशी आलं होतं आणि कूलर घरघरत होता. रोहित पलंगावर मांडी घालून बसला होता, मनोहरराव समोरच्या खुर्चीत. मुलाच्या खोलीत ते कित्येक महिन्यांनी आले होते. दोन खोल्यांमध्ये भिंत एकच. पण मुलाच्या खोलीत संदर्भग्रंथ नसल्यामुळे येण्याचं कारण पडलं नव्हतं.

अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असलेले मनोहरराव बेरोजगारीच्या सामाजिक परिणामांवर शोधनिबंध लिहीत होते. एखाद्या मोठ्या नियतकालिकात आपलं नाव छापून यावं, एवढं एकच नोकरीत राहून गेलं होतं. रोज सकाळी डबा घेऊन ते ग्रंथालयात जात आणि दिवे मालवायची वेळ होईपर्यंत बसत. घरी जेवतानाही ताटापुढे एखादं पुस्तक तांब्याला टेकवलेलं असे. स्पेनमधला बेकार तरुण बापाची नजर कशी चुकवतो, हे त्यांनी तळटीपेसह लिहिलं होतं. घरातला चुकवतो का, हे मात्र सांगता आलं नसतं. त्यासाठी आधी स्वतःची नजर वर करावी लागली असती.

आणि मग संपादकांचं उत्तर आलं. निबंध विद्वत्तापूर्ण आहे, पण त्यात जिवंत माणूस एकही नाही. निदान एका बेरोजगार तरुणाची मुलाखत जोडा. या आठवड्यात आली तर छापू.

मनोहरराव हवालदिल झाले. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या तळहातांना घाम सुटे. शिवाय नागपुरात बेरोजगार तरुण नेमके कुठे मिळतात, हे कोणत्याच सूचीत दिलेलं नव्हतं. शेवटी बायकोनं, सुभद्राबाईंनीच तोंड उघडलं.

"अवो, बाजूच्या खोलीत पोरगा आहे ना. त्याले विचारा."

"रोहितला? तो देईल माहिती?"

"मले काहून विचारता? बाप तुमी आहा," त्या म्हणाल्या आणि फोडणीचं निमित्त करून आत गेल्या.

विचार करू लागल्यावर मुलगा अगदी आदर्श निघाला. इंजिनीअर होऊन, दारोदार अर्ज करून तो घरी बसला त्याला बराच काळ लोटला होता. हल्ली तो घरात फारसा दिसत नसे: कुटुंबापासून दुरावा. जेवला की लगेच आडवा होई: निरुत्साह, अतिनिद्रा. पूर्वी दाढी वाढवून हिंडायचा, आता रोज गुळगुळीत असायचा. हे मात्र कुठल्याच संदर्भात बसेना, म्हणून मनोहररावांनी ते सोडून दिलं.

"प्रश्न पाचवा. बेरोजगारीमुळे घरातल्या संवादावर परिणाम झाला आहे का?"

"आईशी रोज बोलतो."

"आणि वडिलांशी?" प्रश्नावलीत पुढचा उपप्रश्न तसाच होता.

"ते वाचून राहिले असतात."

मनोहररावांनी 'अंशतः' या शब्दापुढे खूण केली.

"प्रश्न सहावा. एकूण किती काळ बेरोजगार आहात?"

रोहितनं हात लांबवून कूलर हळू केला. मग म्हणाला, "बाबा, मी दिवाळीपासून कामाले जाऊन राहिलो. लकडगंजात, लाकडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे. आलेला माल पाहतो, गिऱ्हाईक सांभाळतो."

पेन थांबलं.

"मला नाही सांगितलंस?"

"पेढे घेऊन आलो होतो ना तुमच्याकडे. तुमी बोट वर केलं. 'एवढा परिच्छेद होऊ दे' म्हणाले. मी उभा राहिलो. मग तुमी पेढा तोंडात टाकला अन् पान उलटलं."

पेढा मनोहररावांना आठवला. तो त्यांना कुठल्याशा पूजेचा वाटला होता. बापाला आनंद व्हायला हवा होता आणि आत कुठेतरी तो झालाही असावा. पण त्याआधी त्यांची नजर मांडीवरच्या कागदांवर गेली. अख्ख्या घरात बेरोजगार एकच, आणि तोही हातचा गेला. त्यांचा चेहरा असा पडला, की जणू पोराला कुणी आत्ताच कामावरून काढून टाकलं होतं.

"म्हणजे ही मुलाखत काही उपयोगाची नाही," ते पुटपुटले. पेनाला टोपण लावून ते उठू लागले.

रोहितनं त्यांचं मनगट धरलं.

"बसा, बाबा. बेरोजगारच लिहा. अजून किती प्रश्न आहेत?"

"बरेच आहेत."

"मग विचारा सगळे," रोहित म्हणाला. "अन् हळूहळू विचारा."